बोटाला विचारून

यशवंतदादांना कुठेही ताणलेली दोरी दिसली की ते तिच्यावर अंगठा दाबून बघायचे. मांडवाचा दोर, कपडे वाळत घालायची तार, माझ्या शिलाई मशीनचा पट्टा, काहीही चालायचं. दाबायचे, मान तिरकी करायचे आणि निकाल द्यायचे, ताण जास्त झालाय. मांडववाला एकदा वैतागून म्हणाला, काका, तुम्ही गाण्याचं बघा, मांडवाचं मी बघतो. दादा हसले, आणि त्याची पाठ वळताच पुढचा दोर दाबून आले.

दादा निघोज्याचे. चाकणच्या एका कारखान्यात ओतीव भागांच्या कडा हातातल्या ग्राइंडरने घासायचं काम त्यांनी वर्षानुवर्षं केलं. रविवारी पिंपरीला, आमच्या विहारात, भीमगीतांच्या तालमीला यायचे. मी गायचे, बबनराव ढोलकीवर आणि दादा गिटारवर. भीमगीताला गिटार कशाला, म्हणून सुरुवातीला पुष्कळांनी नाकं मुरडली. दादांनी वाद घातला नाही. ते वाजवत राहिले आणि लोकांना सवय झाली.

तारांबद्दल त्यांचं एक वाक्य ठरलेलं होतं. "तार कंची घ्यायची त्ये दुकानदाराला न्हाई, बोटाला इचारायचं." सूर तोच हवा असेल तर जाड तार जास्त ओढून बांधावी लागते. आवाज भरदार येतो, पण ती दाबायला बोटांत जोर लागतो. बारीक तार कमी ताणात त्याच सुराला पोचते. दादांची बोटं ग्राइंडर पेलणारी, त्यामुळे त्यांना जाडच तारा लागायच्या. गिटार नुसती ठेवायची असेल तर तारा सैल कराव्यात, नाहीतर तिची मान वाकते, असं मी कुठेतरी ऐकलं होतं. ते ज्ञान मी एकदा त्यांच्यापुढे पाजळलं.

"उद्या वाजवायचीच हाय की, ताई," ते म्हणाले. "सैल कशापायी?"

मग एका थंडीत त्यांची बोटं पांढरी पडायला लागली. आधी शेंडे, मग पेरं. सुई टोचली तरी कळेना. ग्राइंडरच्या थरथरीने नसा गेल्या, गेलेलं परत येणार नाही, काम सोडा, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. काम सोडून खायचं काय, हे काही ते सांगू शकले नाहीत. दादांनी ही गोष्ट फक्त माझ्या कानावर घातली. गटात कळलं तर आपल्याला मानाने खुर्चीत बसवतील, याची त्यांना धास्ती होती. त्यांना एवढंच हवं होतं, की येत्या जयंतीला मांडवात वाजवता यावं.

आधी त्यांनी तारा बारीक केल्या. तेवढ्याने भागेना, तेव्हा सगळ्या तारा एक सूर खाली उतरवल्या. गाणंही तेवढंच खाली आलं आणि माझा आवाज बसायला लागला. दादा, मला काय विहिरीत उतरवताय का, असं मी थट्टेने म्हटलं आणि लगेच जीभ चावली. पुढच्या रविवारी ते गिटारच्या मानेवर लावायचा चाप घेऊन आले. तारा उतरवलेल्याच ठेवायच्या आणि वर चाप लावायचा, म्हणजे ताण कमी राहतो आणि सूर पुन्हा जागेवर येतो. त्या दिवशी ते मन लावून वाजवत होते. जयंती निभावणार, अशी मला आशा वाटली.

माशी शिंकली ती बबनरावांमुळे, आणि तीही त्यांच्या मायेमुळे. त्या केसासारख्या तारा बघून त्यांना वाटलं, दादांची ओढाताण चाललीय, म्हणून हलका माल वापरतायत. जयंतीच्या दिवशी विहारात ठेवलेल्या गिटारला त्यांनी दुकानातल्या सगळ्यांत जाड तारा चढवल्या, चाप काढला आणि मोबाइलवर बघून त्या मूळ सुराला पक्क्या ओढल्या. ढोलकी जितकी कसाल तितकी बोलते, हा त्यांचा जन्माचा अनुभव. संध्याकाळी, नाव पुकारल्यावर, त्यांनी गिटार दादांच्या हातात दिली आणि आता वर्षभर बघायला नको म्हणाले.

दादांनी अंगठा दाबून बघितला. माझ्याकडे पाहून, सांगू नका, अशी मान हलवली, म्हणून मी तशीच गायला सुरुवात केली. पहिल्या कडव्याला सूर फुटके आले, कारण तार दबली की नाही हे त्यांच्या बोटांना कळतच नव्हतं. दुसऱ्या कडव्यापासून त्यांनी तारा सोडल्या आणि गिटारच्या लाकडावर नुसता ठेका धरला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मला गाता गाता रडू येत होतं.

खाली उतरल्यावर बबनरावांनी विचारलं, काही चुकलं का. दादा म्हणाले, "तारा झ्याक हायत, भाऊ. बोटंच हलकी निघाली."

नंतर त्यांनी पुन्हा बारीक तारा लावल्या, आणखी खाली उतरवल्या. पण ताण फारच कमी झाला की तार मानेवरच्या धातूच्या पट्ट्यांवर आपटून नुसती खडखडते. मग ते तालमीला येईनासे झाले.

मी निघोज्याला गेले. वहिनींनी चहा दिला. दादांनी पेला दोन्ही तळव्यांत धरला होता. बोटं बाजूला राहिली होती. गिटार खिळ्याला टांगलेली. मी त्यांच्यासारखाच तिच्या तारेवर अंगठा दाबला. तो सरळ लाकडाला टेकला. सहाच्या सहा तारा लोंबत होत्या.

मी काही विचारायच्या आधीच ते म्हणाले, "मान वाकती म्हनं ना, ताई, नुसती ठिवली तर."

हे मीच त्यांना सांगितलं होतं.