दोन मुलखांतलं बिऱ्हाड

नाशिक सोडायचं हे छायानं ठरवलं. पुढं जे काही बिनसलं त्याचं खापर तिच्याच डोक्यावर फुटलं आणि तिनंही ते कधी झटकून टाकलं नाही. झटकायलाही अंगात जोर लागतो.

साल दोन हजार तीन. छायाचा नवरा बुद्धभूषण अंबडच्या एका कारखान्यात फिटर होता. सिडकोत त्यांचं स्वतःचं छोटं घर होतं; एक खोली, एक स्वयंपाकघर, पुढं पत्रा टाकून काढलेला ओटा. घरात नवरा-बायको, पाच वर्षांची पायल आणि सासू सुलाबाई. सुलाबाईचा नवरा ऐन तारुण्यात गेला. लासलगावला खळ्यावर कांदा निवडून तिनं दोन पोरं वाढवली. थोरला मल्हारी शिकून कळवणला मास्तर झाला, धाकटा बुद्धभूषण आयटीआय करून अंबडला लागला. त्यानं हे घर घेतलं तेव्हा म्हातारीनं स्वतः गल्लीभर पेढे वाटले होते. "आता हितनं मला चौघांनी खांद्यावरच न्यायचं," असं ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची.

मागच्या गल्लीत कोणीतरी भांड्यांना पॉलिश मारायच्या मशिनी बसवल्या, तिथून सगळं सुरू झालं. दिवसभर घरघर चालायची आणि काळी भुकटी उडायची. दोरीवर वाळत घातलेलं पांढरं कापड संध्याकाळपर्यंत राखाडी व्हायचं. पायलला आधी नुसता खोकला होता, मग छातीत शिट्टी वाजायला लागली. तक्रार करून पाहिली. मशिनी चार दिवस बंद राहिल्या आणि पुन्हा सुरू झाल्या. पंचवटीत भाड्यानं खोली घेऊन राहून पाहिलं, तर तिथं नेमकी खाली पिठाची गिरणी. छायाच्या सकाळी दवाखान्याच्या बाकावर जायला लागल्या. मांडीवर पोरगी, पोरीच्या तोंडाला औषधाचा पंप आणि कानात तिच्या श्वासाचा आवाज. तो आवाज तिला स्वयंपाक करतानाही ऐकू यायचा, पायल शाळेत असली तरी.

"हवा बदलून बघा," डॉक्टर म्हणाले. "कायमची बदलता आली तर फारच चांगलं."

हवा काय दुकानात मिळते? पण त्याच वर्षी बुद्धभूषणच्या कंपनीनं हिमाचलात नवा कारखाना काढायला घेतला. तिकडं जाऊन नव्या पोरांना काम शिकवायला जुनी माणसं हवी होती. कोणी नाव देईना. बुद्धभूषणनं घरी येऊन ही गोष्ट गंमत म्हणून सांगितली.

छायानं चहाचं पातेलं खाली ठेवलं. "तुम्ही नाव द्या."

"वेडी का काय? कुठं हिमाचल, कुठं आपण."

"तिथं डोंगर आहेत ना? झाडं आहेत ना? मग द्या नाव."

 बुद्धभूषणचा जीव कशात अडकलाय ते तिला ठाऊक होतं. तो ढोलकी वाजवायचा. विहाराच्या मागच्या खोलीत दर रविवारी त्यांच्या गायन पार्टीची तालीम असायची, आणि चौदा एप्रिलच्या आगेमागे तर महिनाभर तो घरात जेवायलाही सापडायचा नाही. निफाड, सिन्नर, मनमाड, जिथून बोलावणं येईल तिथं पार्टी जायची. कारखान्यात तो शंभरातला एक होता; ढोलकी मांडीवर घेतली की लोक त्याला नावानं ओळखायचे.

"तिथं मी कोणासंगं वाजवू?" तो शेवटी म्हणाला.

"पोरीला श्वास घेता येईना, आणि तुम्हाला ढोलकीचं पडलंय?"

 दुसऱ्या दिवशी तो नाव देऊन आला.

सुलाबाईनं मात्र साफ नकार दिला. "तुमी जावा. पोरीसाठी जाताय, मी आडवी येणार नाय. पर माझी माती हितलीच हाय." कळवणहून मल्हारी आला, त्यानं छायाला चार शब्द सुनावले. "म्हातारपणी आईला एकटं टाकून निघालीस. लोक काय म्हणतील?" "दादा, मग तुम्ही न्या त्यांना कळवणला," छाया म्हणाली. मल्हारीनं विषय बदलला.

हिमाचलात नालागडच्या पुढं, कारखान्यांपासून बरंच आत, एका खेड्यात त्यांना घर मिळालं. दोन मोठ्या खोल्या, पुढं पडवी, मागं मोहरीचं शेत. घरमालकीण थोराड, मोठ्या आवाजाची बाई. तिला सगळे बीजी म्हणायचे. तिनं पहिल्याच दिवशी नळ सोडून दाखवला. "देख बेटी, पानी की कोई कमी नहीं।" सिडकोत पहाटे नळाला पाणी यायचं म्हणून वर्षानुवर्षं झोपमोड केलेल्या छायाला त्या नळाकडं बघून हुंदका आला. बीजीला वाटलं, पोरीला माहेर आठवलं.

हवा खरोखरच मानवली. पहिला हिवाळा जड गेला, पण चैत्रात पायल शेजारच्या पोरांबरोबर चढ पळत जाताना छायानं पाहिली. ती हातातलं काम टाकून तशीच उभी राहिली. पोरगी वर पोचली, मागं वळली आणि "मम्मी!" म्हणून तिनं हाक मारली. एका दमात, सबंध. पुढं कितीही वाईट दिवस आले तरी आपण चूक केली असं छायाला म्हणता आलं नाही, ते त्या हाकेमुळं.

बाकी सगळं मात्र अंगावर आलं. थंडीत भांडी घासताना बोटं बधिर व्हायची. बाजरीचं पीठ नाही, काळा मसाला नाही, बोलायला बाई नाही. नाशिकहून आणलेला मसाला ती चिमटीनं वापरायची. हिंदी तिला यायची ती सिनेमातली. भाजीवाल्याशी भांडायला ती पुरत नव्हती. आणि बुद्धभूषण दिवसेंदिवस मुका होत चालला. कारखान्यात त्याला 'महाराष्ट्रवाला' म्हणायचे. बारा-बारा तासांची पाळी करून तो यायचा, जेवायचा, भिंतीकडं तोंड करून पडायचा. ढोलकी त्यानं हौसेनं सोबत आणली होती. एकदा रविवारी त्यानं ती काढली, थोडा वेळ वाजवली आणि पुन्हा कापडात गुंडाळून ठेवली.

"का हो? वाजवा ना," छाया म्हणाली.

"गाणाऱ्याशिवाय काय वाजवायचं? नुसता ठोकल्यागत आवाज येतो."

असं करता करता तीन वर्षं गेली. मग दोन हजार सहाच्या पावसाळ्यात सुलाबाई ओट्यावरून घसरली आणि तिचं खुब्याचं हाड मोडलं. मल्हारीनं दवाखान्यात नेलं, ऑपरेशन झालं, पण रजा संपली तसा तो कळवणला गेला. बुद्धभूषणला सुट्टी मिळेना. छाया पायलला घेऊन नाशिकला आली.

तिनं सासूचं सगळं केलं. उठवणं, बसवणं, न्हाऊ घालणं, वॉकर धरून चालवणं. सुलाबाई अवघड माणूस, दुखलं की शिव्या द्यायची, आणि शिव्या देऊन झाल्या की रडायची. अंग पुसताना एकदा ती म्हणाली, "माझ्या पोटची पोरगी असती तरी येवढं केलं नसतं." छायाला बरं वाटायला हवं होतं. पण तिचं लक्ष बाहेर ओट्यावर खेळणाऱ्या पायलकडं होतं. महिन्याभरात शिट्टी परत वाजायला लागली होती.

इथं राहावं तर पोरगी जाते, तिथं जावं तर म्हातारी जाते. दिवाळीच्या तोंडावर एका सकाळी तिनं सुलाबाईच्या हातात चहाची बशी दिली आणि म्हणाली, "आत्या, तुम्ही माझ्यासोबत चला."

"मी? त्या बर्फात?"

"तिथं आपल्या गावात बर्फ नाही पडत. थंडी आहे. शेकोटी करते मी."

"आन् मेले म्हंजी?"

"मग तिथं चौघं शोधीन मी. पण आता माझ्यानं दोन घरं होत नाहीत हो आत्या. खरंच होत नाहीत."

सुलाबाईनं सुनेकडं पाहिलं. छायाच्या डोळ्यांखाली काळं पडलं होतं आणि केस विंचरायचे राहून गेले होते. "चल," म्हातारी म्हणाली. "वॉकर घ्यायचा इसरू नको."

नाशिक रोडहून पंजाबकडच्या गाडीनं तो प्रवास झाला. छायानं सासूला कडेवर घेतल्यासारखं नेलं. डब्यातल्या एका सरदारजीनं खालचा बाक सोडून दिला. सुलाबाईनं त्याला सबंध वाटभर मराठीतून आशीर्वाद दिले.

आणि सगळ्यांचा अंदाज चुकवून म्हातारी तिथं रमली. बीजीला मराठी येत नव्हती, सुलाबाईला हिंदीचा गंध नव्हता. दोघी पडवीत उन्हाला बसायच्या, मटार सोलायच्या आणि आपापल्या भाषेत आपापल्या सुनांची गाऱ्हाणी सांगायच्या. सुलाबाईनं बीजीच्या पाट्यावर ठेचा वाटला. बीजीनं तो चाखला, डोळ्यांतून पाणी काढलं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा मागितला.

छायाला वाटलं, आता जरा टेकता येईल. तेवढ्यात बुद्धभूषण एके दिवशी लवकर घरी आला आणि बूट न काढताच पडवीत बसला. शिकवायला आणलेल्या माणसांची मुदत संपली होती. साहेबांनी विचारलं होतं, इथं कायमचं राहायचं की परत अंबडला जायचं.

"तुम्ही काय सांगितलं?" छायानं विचारलं.

"परत जातो म्हणून सांगितलं."

"मला न विचारता?"

"तुला विचारलं असतं तर तू राहा म्हणाली असतीस, आणि मी राहिलो असतो." त्याच्या आवाजात राग नव्हता. असता तर तिला भांडता तरी आलं असतं. "छाया, चार वर्षं मी कोणाला 'जयभीम' घातला नाही. सकाळी उठलो की वाटतं, मी कोणाचं तरी सामान राखायला आणलेला माणूस आहे. पायलसाठी आलो. आता पायल चांगली झाली. चला सगळे."

"चांगली झाली ती इथं झाली. तिथं नेलं की काय होतं ते मी बघून आले."

तो आईकडं वळला. "आई, तू तरी चल. तुझीच माती ना तिथली?"

सुलाबाई पायावर गोधडी घेऊन बसली होती. "भूषण, तुमी हिकडं आल्यावर तिकडं मी दिसभर भिताडाशी बोलत व्हते," ती म्हणाली. "हितं पोरगी हाय, सून हाय, ही बीजी हाय. मी नाय येत. तुला जायचं तर जा बाबा, तुझा बी जीव हाय."

तो गेला. स्टेशनवर पोचवायला पायल आणि छाया गेल्या. भांडण झालं नाही, कोणी काही तोडून बोललं नाही. पायल रडली, मग तिला झोप लागली आणि परतीच्या बसमध्ये छायानं तिला मांडीवर घेतलं. ती आता मांडीत मावत नव्हती.

छायानं औषधांच्या एका कारखान्यात पॅकिंगचं काम धरलं. सकाळी उठून दोघींचा डबा, सासूचं आंघोळ-पाणी, मग कंपनीची बस, दिवसभर उभं राहणं, संध्याकाळी पायलचा अभ्यास. नवरा पैसे पाठवायचा, रविवारी फोन करायचा. फोनवर मागं तालमीचा आवाज ऐकू यायचा. नाशिकला नातेवाईक म्हणायचे, बघा, नवऱ्याला एकटं टाकलं आणि सासूला पळवून नेलं. मल्हारी एका लग्नात म्हणाला, "ते लेकरू आईच्याच मनानं खोकतं." हेही तिच्या कानावर आलंच. रागवायचं तिच्या मनात होतं. पण बस चुकली असती.

दोन हजार नऊच्या मे महिन्यात सुलाबाईला बीजीवर सोपवून ती पायलला घेऊन पंधरवड्यासाठी नाशिकला आली. बुद्धभूषण उतरवून घ्यायला आला होता. त्यानं घर रंगवलं होतं. तो थोडा जाड झाला होता आणि हसत होता. दुसऱ्या दिवशी विहारात कार्यक्रम होता. छाया बायकांत मागं बसली. त्यानं ढोलकीवर थाप मारली आणि माना डोलायला लागल्या. शेजारची वत्सलाबाई तिला कोपरानं ढोसून म्हणाली, "तुझा नवरा वाजवतो तसं जिल्ह्यात कोणी वाजवत नाही गं." छायानं मान हलवली. हा माणूस तिनं तिकडं चार वर्षांत एकदाही पाहिला नव्हता.

घरी येताना त्यानं सांगितलं, "मागचा पॉलिशवाला गेला. जागा विकली त्यानं, तिथं आता बिल्डिंग होतेय. या ना परत. आईला मी आणतो."

छाया थांबली. याच एका वाक्यासाठी तिनं कधीकाळी काहीही दिलं असतं. पायल पुढं चालत होती, तिकडच्या मैत्रिणीनं शिकवलेलं हिंदी गाणं गुणगुणत. तिची सगळी शाळा तिकडं झाली होती. म्हातारी तिकडं रुळली होती. आणि पुन्हा बांधाबांध, पुन्हा दाखले, पुन्हा नवी माणसं, पुन्हा दर सकाळी पोरीच्या छातीला कान.

"मला आता काही उचलायला सांगू नका," ती म्हणाली. "पायलची दहावी होऊ दे. मग बघू."

"म्हणजे अजून पाच वर्षं?"

"हो."

त्याला वाईट वाटलं, ते दिसलं. त्यानं वाद घातला नाही. तीही त्याला 'तुम्हीच या तिकडं' म्हणाली नाही. आजचा कार्यक्रम पाहिल्यावर तिला ते म्हणवलं नसतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती भांडी आवरायला उठली, तर त्यानं तिच्या हातातलं पातेलं काढून घेतलं. "पड जरा. मी आणि पायल करतो." छायानं चटई टाकली आणि पंख्याखाली आडवी झाली. स्वयंपाकघरात बापलेक काहीतरी सांडून हसत होते. उठून बघावं असं तिला वाटलं, पण ती उठली नाही. दिवेलागणीपर्यंत ती झोपली आणि कोणी तिला उठवलं नाही.