नेवरेकर काकूंचा प्रशांत महासागर

तिसऱ्या मजल्यावरच्या अरुणाकाकू नेवरेकर मटका घेतात, हे आमच्या अख्ख्या बिल्डिंगला माहीत होतं. तळमजल्याच्या यशोदाबाई दाराची कडी धरून, आवाज नाकात चढवून सांगायच्या, "मी कशाला खोटं बोलू? रोज संध्याकाळी रेडिओवर टिक-टिक वाजतं, मग कोणीतरी विंग्रजीत आकडे म्हणतो, अन् ही वहीत उतरवते. आता आकडे कशाचे असतात, तुमीच सांगा!"

त्यात गोजराने भर घातली. गोजरा वाशीगावातून मासळी घेऊन यायची आणि आकड्याला आकरा म्हणायची. टोपली उतरवता उतरवता तिने काकूंना सरळच विचारलं, "बाय, आज काय आकरा हाय?"

"हो, अकराच," काकू म्हणाल्या. "काल नऊ होता."

गोजराने अकरा लावला. अकरा आला! मग काय, आठवडाभर काकूंना कोलंबी फुकट, आणि का फुकट ते त्यांना कळेचना.

मला नकलांचा नाद. मी वर गेलो तो जिन्यापर्यंत ऐकू येणाऱ्या त्या रेडिओवाल्याची नक्कल शिकायला. एवढा कोरडा आवाज मी कधी ऐकला नव्हता. घसा न खाकरता, श्वास न घेता, 'वन-सिक्स-पॉइंट-फाइव्ह नॉर्थ.' दार उघडं होतं. समोरच्या भिंतीवर प्रशांत महासागर होता, शाळेतल्या नकाशाएवढा, आणि त्यावर कपाळाला लावायच्या लाल टिकल्यांची रांग वाकडीतिकडी चालली होती.

"हे काय, काकू?"

"वादळं," काकू म्हणाल्या. "रेडिओवर जहाजांसाठी सांगतात. आत्ता दोन चालू आहेत. एक हे, गेल्या आठवड्यात अकरा अंशावर होतं ते, आणि एक पार मेक्सिकोच्या अंगाला."

मला वाटायचं वादळ येतं ते आपल्याकडेच, कधीतरी, आणि मग पेपरात छापून येतं. इथे मी वाशीत गृहपाठ करत असताना हजारो मैलांवर दोन दोन वादळं फिरत होती आणि काकूंना दोघांचा पत्ता ठाऊक होता! त्यांनी चहात चमचा फिरवून दाखवला. आपल्या बाजूचं वादळ घड्याळाच्या उलट फिरतं, विषुववृत्ताखालचं घड्याळासारखं. "आणि मधे डोळा. तिथे म्हणे सगळं शांत असतं."

नेवरेकर काका मालवाहू बोटीवर कुक. वर्षातले नऊ महिने पाण्यावर. काकूंचं शिक्षण आठवी, आणि इंग्रजी म्हणाल तर शून्य ते नऊ, चार दिशा आणि 'मूव्हिंग'. तेवढ्यावर त्या सहा वर्षं वादळं पकडत होत्या. काकांच्या बोटीची टिकली हिरवी.

"बोट रोज किती जाते?" मी विचारलं.

"दीड बोट," काकूंनी नकाशावर तर्जनी आडवी ठेवून दाखवलं. मी इतका हसलो की चहा सांडला.

"पण काकू, तुम्हाला कळलं तरी काकांना कसं कळवणार?"

"नाही कळवता येत."

"मग उपयोग काय?"

"ते जिथे आहेत तिथे माझं लक्ष असतं," त्या म्हणाल्या आणि कप उचलून आत गेल्या. याची नक्कल मला जमली नाही.

ते ऑक्टोबरात झालं, चौऱ्याऐंशी साली. काकांचं पत्र होतं, गुरुवारी कोबेहून सुटतो, सिंगापूरला जातो. शुक्रवारी हिरवी टिकली जपानच्या दीड बोट खाली आली. खालून लाल टिकल्या येतच होत्या.

"रेडिओवाला वेस्ट म्हणतोय," मी म्हणालो. "म्हणजे सरळ फिलिपिन्सकडे. काकांना काही नाही."

"ऑक्टोबरातलं आहे, बंड्या. वीस अंशाला आलं की वळेल." त्यांचं बोट वर सरकलं, उजवीकडे झुकलं आणि हिरव्या टिकलीच्या वाटेवर थांबलं.

मला ते बघवेना. "नाही वळणार! लावता पैज?"

"हरलास तर?"

"म्हणाल ते!"

टिकल्या लावून-काढून नकाशाचा कागद सोलवटला होता. "नवा काढून द्यायचा. हाताने. बेटांसकट."

"आणि तुम्ही हरलात तर?"

"मी हरले तर देवाला पेढे ठेवीन. सगळे तू खा."

शनिवारी वीस अंश. आणि तोच कोरडा आवाज, 'मूव्हिंग नॉर्थ.' रविवारी 'नॉर्थ-ईस्ट.' माझ्या तोंडून त्याची नक्कल निघेना.

काकूंनी हिरवी टिकली उचलली. मला वाटलं, आता दीड बोट पुढे, लाल टिकल्यांच्या तोंडात. त्यांनी ती वर नेली, कोबेकडे.

"माघारी?"

"कॅप्टनकडेही रेडिओ आहे. आठवी शिकलेलीला कळतं ते त्याला कळणार नाही?" असं म्हणाल्या खऱ्या, पण टिकलीवर दाबलेलं बोट काढेनात. नख पांढरंफटक झालं होतं.

सोमवारी रेडिओवर वादळ बरोबर त्या वाटेवर होतं. खाली यशोदाबाईंनी मला अडवलं, "काय रे, आज काय लागला?" मी त्यांची नक्कल न करताच वर पळालो. त्यांनी आईला विचारलं, याला ताप आहे का.

मंगळवारी तार आली. काकूंनी ती न उघडताच माझ्या हातात दिली. मी माझ्या स्वतःच्या आवाजात वाचली, "रिटर्न्ड कोबे. ऑल सेफ."

काकू फरशीवर फतकल घालून बसल्या आणि हसत सुटल्या. मग डोळे पुसून म्हणाल्या, "टिकली बघ. हललीय का जागची?"

नव्हती हलली.

मी कार्डशीट आणले, चार जोडले. जपान जमलं, फिलिपिन्स जमलं. मग बेटं लागली. प्रशांत महासागरात बेटं किती असतात हे भूगोलाचं पुस्तक धड सांगत नाही. आठव्या दिवशी मी वर जाऊन विचारलं, "काकू, ही अगदी बारीक आहेत ती सोडली तर चालेल?"

"का? तिथे माणसं राहात नाहीत?"

पूर्वेकडचा कोपरा अजून बाकी आहे.