किल्लीवाल्याची बरणी

चपला शिवणारा आणि झेरॉक्सवाला यांच्या मधल्या फटीत त्याचं दुकान होतं. दुकान म्हणजे तरी काय, तो आत शिरला की गिऱ्हाइकानं बाहेरच उभं राहायचं. भिंतीभर कोऱ्या किल्ल्या लटकलेल्या, टेबलाला शिकंजा ठोकलेला आणि पितळेचा भुगा चहाच्या कपापर्यंत. सगळे त्याला किल्लीवाला म्हणत. खरं नाव फक्त विजेच्या बिलाला ठाऊक.

त्याची बायको रफूवाली. धुलाईच्या दुकानात मागच्या खिडकीशी बसून ती लोकांच्या कोटांची भोकं बुजवायची. अशी बुजवायची की गिऱ्हाईक कोट उलटासुलटा करून विचारायचं, "बाई, भोक होतं तरी कुठे?" या कामानं तिचे डोळे बिघडले म्हणा की सुधारले म्हणा, कुठे एक धागा इकडचा तिकडे झाला तरी तिला तो टोचायचा. नवऱ्यानं बंद असलेलं उघडायचं, बायकोनं उघडं पडलेलं बुजवायचं, असा तो संसार.

मधली काही वर्षं या संसारात बाटली नावाची सवत येऊन राहिली होती. रफूवाली पैसे कपाटात ठेवायची, हा हेअरपिननं कपाट उघडायचा. तिनं मोठं कुलूप आणलं तर हसून म्हणायचा, "अगं, हे मीच विकलेलं दिसतंय." अख्ख्या गल्लीची कुलपं ज्याच्या बोटाला वश, त्याला घरी आल्यावर स्वतःच्या दाराचं भोक सापडायचं नाही. आतून कडी काढताना रफूवाली दात-ओठ खायची.

सवत गेली तीही गाजावाजा न करता. एका म्हातारीच्या घराची किल्ली त्यानं तीनदा घासली, तिन्ही वेळा लागली नाही. हात थरथरत होता. म्हातारी ओरडली असती तर त्यालाही ओरडता आलं असतं. ती एवढंच म्हणाली, "राहू दे रे बाबा, तू आधी जेवून ये." तो घरी आला, जेवला आणि त्यानंतर प्यायला नाही. सुरुवातीचे दिवस कसे काढले ते त्या दोघांनाच माहीत. पण काढले.

तेव्हापासून घरात बाटली आली नाही. लग्नकार्यात कुणी पेला पुढे केला की रफूवाली मध्ये पडायची, "त्यांना नको हं, पित्ताचा त्रास आहे." लेकीच्या सासरीही हेच पित्त सांगून ठेवलेलं. एरवी कुणाला दमडीचं खोटं न सांगणारी बाई, पण हे पित्त तिनं अगदी पोटच्या पोरासारखं सांभाळलं होतं.

आणि त्या हिवाळ्यात लेकीचा फोन आला. सुट्टीत आम्ही येतोय, सासूसासरेही येतायत. सासूबाईंनी कुठेतरी मसाला घातलेली कॉफी प्यायली होती, त्यात रम, वर साय. तेव्हापासून त्या तेच तुणतुणं लावून बसल्यात.

"त्यांना म्हणावं चहा मिळेल," रफूवाली म्हणाली.

किल्लीवाल्यानं तिच्या हातातून फोन घेतला. "बाळा, कशी करतात ते मला लिहून पाठव. मी करतो."

फोन ठेवल्यावर रफूवाली त्याच्याकडे बघतच राहिली. "तुम्ही करणार?"

"मी करणार."

"अहो, पण कशाला? सुखाचा जीव दुःखात…"

"हे बघ, घरी आलेल्या माणसाला हवं ते मिळत नाही, का, तर या घरात मी आहे. हे किती दिवस चालवायचं? मला प्यायची नाहीये गं. करायची आहे."

तोंड हो म्हणालं. मन काही हो म्हणालं नाही.

रमची बाटली त्यानं उघडपणे आणली, तिच्यासमोर सील फोडलं. चिनी मातीच्या बरणीत मनुका, सुके अंजीर, जर्दाळू, वाळवलेली संत्र्याची सालं, दालचिनी आणि लवंगा घातल्या आणि वरून अख्खी बाटली रिकामी केली. फळं बुडाली, त्यांच्या डोक्यावर चार बोटं रम उभी राहिली. बरेच दिवस मुरली पाहिजे, असं लेकीनं लिहिलं होतं. बरणी फडताळात गेली, रिकामी बाटली तिच्या शेजारी.

"कुलूप लावू का?" त्यानं विचारलं.

"कुणासाठी?"

दोघंही हसली. हसू फार पातळ होतं.

रफूवालीनं स्वतःला बजावलं होतं की बघायचं नाही. पण दुधानं तोंड पोळलेलं माणूस ताकसुद्धा फुंकून पितं. तो दुकानात गेला की ती फडताळ उघडायची, झाकण उचलून आत डोकवायची. एक दिवस चार बोटांची तीन वाटली. तिनं मनाला दटावलं, अंधारात नीट दिसलं नसेल. मग दोन झाली. मग एक दिवस झाकण उचललं तर वर रम नव्हतीच, मनुकांची आणि जर्दाळूंची डोकी तेवढी उघडी पडलेली.

झाकण बरोबर होतं तसं लावून ती कामाला गेली, आणि त्या दिवशी आयुष्यात पहिल्यांदा काळ्या कोटाला तिनं निळ्या धाग्यानं रफू केलं. मालक म्हणाला, "बाई, बरं नाही का?" ती म्हणाली, "पित्त झालंय."

विचारावं तर कसं? तो प्यायला नसेल, तर त्या प्रश्नानं त्याचा कणाच मोडणार. प्यायला असेल तर आपला. म्हणून मूग गिळून बसली. तो झोपला की हळूच त्याच्या तोंडाशी नाक न्यायची. रमचा वास येत नव्हता. पण लवंगेचा यायचा. आणि पूर्वी वास मारायला तो लवंगाच तर चघळायचा! जित्याची खोड, दुसरं काय.

पाहुणे यायच्या दिवशी दुपारी किल्लीवाला बाह्या सरसावून ओट्याशी उभा राहिला. रफूवाली दारात, हातात पुसायचं फडकं, पण पुसत काहीच नव्हती. त्यानं पातेल्यावर चाळण ठेवली, बरणी उपडी केली. फळं धबाधबा चाळणीत पडली, खाली रम गळली. मग नरसाळं लावून ती त्याच रिकाम्या बाटलीत भरायला लागला. गळ्यापर्यंत भरलेली आणलेली बाटली. रम निम्म्याच्या जरा वर आली आणि पातेलं संपलं.

त्यानं पातेलं झटकलं. एक थेंब पडला.

किल्लीवाला वळला तेव्हा त्याचा चेहरा चुन्यासारखा पांढरा झाला होता. "मी नाही प्यायलो," तो म्हणाला. तिनं काहीच विचारलं नव्हतं.

"बरं," ती कशीबशी म्हणाली.

"खरंच नाही गं. म्हणजे…" त्यानं ओट्याचा कडप्पा धरला. "निदान मला आठवत नाही. रोज बघतोय मी, कमी कमी होतेय. तुला सांगायचं धाडस झालं नाही. मला वाटलं, झोपेत उठून पितोय की काय मी. परवा तर पायाला दोरी बांधून झोपलो, पलंगाला."

"म्हणून दोरी होती ती? मला वाटलं पायजम्याची नाडी."

"तू पण बघत होतीस?"

"मग? रोज. वासपण घ्यायची."

"ते माहीत होतं. मुद्दाम तोंड उघडं ठेवून पडायचो. म्हटलं, हिला तरी कळू दे एकदाचं. मला कळेना झालं होतं."

"आणि ती लवंग?"

"दुकानात स्टोव्हवर कॉफीचा अंदाज घेत होतो ना! लवंग किती, दालचिनी किती. चपलावाल्याला विचार, त्याला पाजून पाजून त्याची झोप उडालीय."

रफूवाली पुढे आली. रागानं आली की रडू आवरायला, तिचं तिलाही कळलं नाही. तिची नजर चाळणीवर गेली. आणि तिथेच थबकली. मनुका घातल्या होत्या तेव्हा सुरकुतलेल्या होत्या, म्हाताऱ्यांच्या सभेसारख्या. या तर टरटरून फुगलेल्या. जर्दाळू बेडकासारखे गुबगुबीत. ती वर्षानुवर्षं कापडाबरोबर बसलेली बाई. नवं लोकरी कापड बादलीत टाकलं की पाणी कुठे जातं, हे तिला कुणी सांगायला नको होतं. तिनं एक जर्दाळू उचलला आणि मुठीत दाबला.

रमची पिचकारी सरळ किल्लीवाल्याच्या शर्टावर.

दोघं क्षणभर शर्टाकडे बघत राहिली. तिनं दुसरा दाबला. पुन्हा पिचकारी.

"अहो," ती म्हणाली, "हे बेवडे बघा! हे पीत बसलेत बरणीत, आणि आपण मात्र चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायला निघालो!"

किल्लीवाला मटकन स्टुलावर बसला. आधी हसला, मग डोळे पुसले, मग पुन्हा हसला. जीव भांड्यात पडतो म्हणतात, त्याचा तर भांड्यात पडून वर दोनदा उसळला असावा. "झोपेत नव्हतो पीत," तो म्हणत राहिला. "झोपेत नव्हतो गं."

"नव्हता. माझ्या राजा, नव्हता." हे ती लग्नानंतर पहिल्यांदाच म्हणाली असेल.

आता सुटका झाली की माणसाला भूक लागते. रफूवालीनं एक मनुका तोंडात टाकली. मग चोरांना शिक्षा म्हणून एक जर्दाळू. मग, टाकून कशाला द्यायचे, म्हणून अंजीर. जन्मात जिभेला थेंब न लागलेली बाई. किल्लीवाला शर्ट बदलून आला तेव्हा चाळणीचा तळ दिसायला लागला होता, आणि बायकोचे गाल लाल.

"अगं, हळू! त्यात अर्धी बाटली आहे!"

"फळं आहेत," ती ठसक्यात म्हणाली. "फळं तब्येतीला चांगली असतात."

पाहुणे आले ते बाहेरची थंडी घेऊनच. विहीणबाई एरवी इस्त्री केल्यासारख्या बसायच्या. रफूवालीनं दारातच त्यांना कडकडून मिठी मारली आणि त्यांच्या शालीचा पदर बोटात धरून म्हणाली, "विहीणबाई, केवढी सुरेख वीण! पण इथे एक टाका सुटलाय. द्या, मी घालते. आता नको. आता सुया दोन दिसतील."

लेक बापाकडे बघायला लागली. "बाबा, आईला काय झालंय?"

"फळं खाल्ली," बाप म्हणाला आणि स्वयंपाकघरात पळाला.

त्यानं कडक कॉफी केली, त्यात दालचिनी, लवंग आणि तपकिरी साखर घालून मंद आचेवर ठेवली, उकळू दिली नाही. चमचाभर स्वतः चाखली. इथवर त्याची जीभ चालत होती. पुढे लेकीला हाक मारली, "रम तू घाल. किती ते तूच बघ." लेकीनं मगात रम ओतली, तो वरून कॉफी सोडत गेला, आणि शेवटी चमचा पालथा धरून त्यावरून साय. किल्ली घासणारे हात ते, साय जागची हलली नाही. कॉफीवर पांढरी चादर घातल्यासारखी पसरली.

विहीणबाईंनी घोट घेतला, ओठावर पांढरी मिशी. "अगं बाई, हीच ती!" मग त्यांचं लक्ष किल्लीवाल्याच्या मगाकडे गेलं. "तुमच्यात नाही घातली?"

सवयीनं सगळे रफूवालीकडे बघायला लागले. पित्ताची वेळ झाली होती. रफूवालीनं तोंड उघडलं, आणि तिला खुदकन हसूच फुटलं. "पित्त," ती म्हणाली आणि पुन्हा हसली. "कसलं मेलं पित्त!"

किल्लीवाल्यानं हातातला मग खाली ठेवला. "मी प्यायचो," तो म्हणाला. "फार प्यायचो. सोडली. म्हणून घेत नाही."

मग व्याही, आतापर्यंत कोपऱ्यात गप्प बसलेले, सोफ्यावर पुढे सरकले.

"एवढंच? अहो, लग्नात मी तुमच्यासाठी पेला घेऊन आलो तर तुम्ही गाड्या बघायला निघून गेलात! मी हिला म्हटलं, पित्तबित्त काही नाही, माणसाला आपल्या हातचं चालत नाही. तेव्हापासून मी मनात धरून बसलोय!"

"बसलेत, बसलेत," विहीणबाई म्हणाल्या. "इथे यायलाही तयार नव्हते. मीच कॉफीचं निमित्त काढलं."

"आणि आम्हाला वाटायचं तुम्ही कडक," रफूवाली म्हणाली. "इस्त्रीतल्या."

"आई!" लेक ओरडली. पण विहीणबाईच इतक्या हसल्या की जावयाला त्यांचा मग धरावा लागला.

नंतर कॉफीचे मग विसळताना नवराबायको स्वयंपाकघरात दोघंच होती. बाटलीत थोडी रम उरली होती. रफूवालीनं ती उचलली, उजेडाकडे धरली आणि ऐटीत म्हणाली, "राहू दे फडताळात. आता मला कसली भीती नाही."

"मला आहे," किल्लीवाला म्हणाला. त्यानं बाटली तिच्या हातातून काढली, बूच घट्ट केलं. "तुझा विश्वास तू ठेव. बाटली व्याही नेतील."

आणि त्यानं बाहेर हाक मारली, "व्याहीबुवा, तुमच्या पिशवीत जागा आहे का हो?"

"किती पाहिजे तेवढी!" व्याही बाहेरून ओरडले, आणि पिशवी घेऊन स्वतःच आत आले.