साहेबाचे दगडी बूट

जगन्नाथचा दिवस पहाटे पावणेचारला सुरू व्हायचा. गजर न लावता. चारला चहा, साडेचारला शुवैखच्या खोलीखाली पिकअप, पाचला हातात पहार. मी, यूसुफ, कुवेतमध्ये सात वर्षं त्याचा जोडीदार होतो. दोघेही राजापूरकडचे गवंडी. तो कामावर उशिरा आल्याचं मी एकदाही पाहिलं नाही.

अठ्ठ्याहत्तरच्या मे महिन्यात फिंतासच्या किनाऱ्यावर स्मारक बसवायचं काम आलं. मागच्या शतकात कोणी इंग्रज भटक्या तिथून पायी दक्षिणेला गेला आणि त्याने वाळवंटाचा नकाशा काढला. एका परदेशी कंपनीतल्या लोकांनी त्याच्यासाठी वर्गणी काढली होती. माणसाचा पुतळा नको असं ठरलं, म्हणून चौथऱ्यावर नुसते त्याचे बूट. एकाच दगडातली जोडी, कमरेएवढी उंच, वरून पोकळ, वजन आठशे किलो. चवडे दक्षिणेकडे.

बूट बघून आम्ही पोट धरून हसलो. दिशा कळल्यावर जगन्नाथ हसायचा थांबला.

कारण होतं. कुसुमवहिनींचं पत्र आलं होतं. गावात रस्त्याला लागून चार गुंठे स्वस्तात मिळत होते, पण मागे डोंगर, म्हणजे दार दक्षिणेलाच. मालक महिनाअखेरपर्यंत थांबणार होता. दुसरी जागा परवडत नव्हती. सात वर्षं हा माणूस घरासाठीच राबत होता, आणि यमाच्या दिशेला दार कसं ठेवायचं म्हणून पत्राचं उत्तर लिहीत नव्हता.

तिपाई, साखळीची कप्पी, सहा माणसं. अडीच तासांत बूट चौथऱ्यावर उतरले. खालचा सिमेंटचा मसाला ओला होता. मुकादम फारूक बाकीच्यांना घेऊन जेवायला गेला. जगन्नाथने दोन पहारी उचलल्या, एक माझ्या हातात दिली.

"दक्षिणेकडे पाय मेलेल्याचे करतात, यूसुफ. माझ्या हातून नको."

बोट बोट सरकवत पाऊण तासात आम्ही चवडे पूर्वेला आणले. मसाला सारखा केला, सांधे पुसले, ओळंबा लावला. काम चोख. पूर्वेला समुद्र. दहा पावलं टाकली असती तर साहेब बुडालाच असता.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी उद्घाटन होतं. सकाळी इंजिनिअर आला, कागद हातात धरून चौथऱ्याभोवती दोन चकरा मारल्या आणि फारूकला विचारलं, हा गृहस्थ पोहत इराणला निघाला होता का. फारूकने आमच्याकडे बघितलं. असल्या गोष्टीवरून लोकांना करार मोडून विमानात बसवलेलं आम्ही पाहिलं होतं. तसं झालं तर घरही गेलं आणि जागाही.

कोणी नाव घेण्याआधी जगन्नाथ पुढे झाला. पाय का फिरवले ते हिंदीत सांगितलं, फारूकने इंग्रजी केलं. इंजिनिअर ऐकून चौथऱ्याकडे वळला. मग एकच वाक्य बोलला. ते सांगताना फारूकचे खांदे हलत होते.

"साहेब म्हणतात, तो मेलेलाच आहे. नव्वद वर्षं झाली."

जगन्नाथने बुटांकडे पाहिलं, आणि हसत हसत वाळूत बसला. त्याला बघून मी, मला बघून इंजिनिअर. हसून झाल्यावर इंजिनिअरने घड्याळावर बोट ठेवलं. पाचच्या आत बूट दक्षिणेला हवे होते.

मसाला आता धरला होता. छिन्नीने फोडून काढायचा, बूट पुन्हा उचलायचे, पुन्हा बसवायचे. सहा तास लागले, दोन छिन्न्या मोडल्या. ऊन बेचाळीसच्या वर. मधेच कोणीतरी "मेलेलाच आहे" म्हणायचं आणि हातोडा खाली ठेवावा लागायचा. पाचला दहा कमी असताना लेव्हलचा बुडबुडा मधोमध आला.

त्या शुक्रवारी आम्ही मुद्दाम बघायला गेलो. उजव्या बुटात दोन पोरं उभी राहून, दक्षिणेकडे तोंड करून, आइस्क्रीम खात होती. डाव्यात मांजर व्याली होती. जगन्नाथने वाकून पिल्लं मोजली. चार, चारही धडधाकट. परतताना पिकअपमध्ये तो एकटाच हसत होता. खोलीवर येऊन त्याने पत्र लिहिलं, दोनच ओळी: दार दक्षिणेला चालेल. जागा घेऊन टाक.

एक्याऐंशीत घर उभं राहिलं. जांभ्याच्या भिंती, दोन खोल्या, ऐसपैस ओटी, सगळं त्या पावणेचारच्या कमाईतलं. मी गेलो तेव्हा पायरीवर त्याचे कुवेतचे कामाचे बूट होते. जोडी नीट जुळवलेली, चवडे दक्षिणेकडे.