यादीतलं पहिलं नाव

नैरोबी सोडली त्या सकाळी रोझ मला भेटायला आली, पण आत आली नाही. आमच्या कंपाउंडच्या वॉचमनकडे रजिस्टर असायचं. येणाऱ्याने त्यात नाव-पत्ता लिहून सही करायची. रोझने लिहायला नकार दिला, म्हणून मीच बॅगा टाकून फाटकाबाहेर गेले. दीड तास चालत आली होती ती. बुटांवर लाल माती होती, आणि माझ्या लेकीसाठी, मुक्तासाठी, भाजलेली दोन कणसं कागदात गुंडाळून आणली होती. आतून समीर, माझा नवरा, मनगटावरचं घड्याळ दाखवून खुणावत होता. रोझ म्हणाली, "जा टीचर. तिकडे तुझ्या नळाला पाणी असू दे." मी तिला मिठी मारली. तिची माफी मागायची होती, ती मागितली नाही. विमानतळापर्यंत मुक्ता कणीस खात राहिली आणि मी खिडकीकडे तोंड करून रडले.

रोझ हे तिचं खरं नाव नाही. तिच्या वस्तीचं नावही मी इथे लिहिणार नाही. एकदा नावं लिहिली होती, तेवढी पुरेत.

मी मूळची सांगलीची. माझे वडील, अण्णा, सरकारी कचेरीत हेडक्लार्क होते. कुठलीही तक्रार घेऊन गेलं की त्यांचं एकच उत्तर असायचं, "तोंडी काही सांगू नकोस. अर्ज दे आणि पोच घे." अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर कचेरीचा शिक्का घ्यायचा, म्हणजे उद्या कोणी 'मिळालाच नाही' म्हणू शकत नाही. दुधात पाणी आलं तर हे म्हशीलासुद्धा अर्ज देतील, अशी आई त्यांची चेष्टा करायची. पण आमच्या घराचा त्या शिक्क्यावर विश्वास होता. लग्नानंतर समीरच्या नोकरीपायी नैरोबीला गेले, तेव्हा तो विश्वास माझ्याबरोबर आला.

तिथे मी पत्र्याच्या घरांच्या एका वस्तीतल्या शाळेत गणित शिकवायला जायचे. रोझची मुलगी माझ्या वर्गात होती. वस्तीला सरकारी नळ मिळाला होता, पण वॉर्ड ऑफिसच्या मर्जीतल्या माणसांनी त्याला कुलूप घातलं होतं आणि तेच पाणी ते प्लास्टिकच्या जेरीकॅनने विकायचे. बायका काही गप्प बसणाऱ्या नव्हत्या. दर महिन्याला अधिकाऱ्यांसमोर जाहीर सभा व्हायची, तिला त्या बराझा म्हणत. तिथे जाऊन त्या सगळ्या एकदम बोलायच्या, मध्येच गायच्या, रिकामे डबे वाजवायच्या. अधिकारी विचारायचा, "तक्रार नक्की कोणाची आहे?" त्यावर चाळीस जणी एकदम उठून उभ्या राहायच्या. मला हा सगळा गोंधळ वाटायचा. वर्षभर ओरडताहेत आणि हातात कागदाचा कपटा नाही, असं मी घरी येऊन समीरला सांगायचे.

मग एका शनिवारी मी शहाणपणा केला. शाळेच्या बाकावर बसून मी त्यांचा अर्ज लिहिला. खाली यादी केली. प्रत्येकीचं नाव, घराचा नंबर, सही नाहीतर अंगठा. एकीने विचारलं होतं, घराचा नंबर कशाला हवा? मी म्हटलं, त्याशिवाय अर्जाला वजन येत नाही. रोझने पहिली सही केली, कारण मीच पेन तिच्या हातात दिलं. तीन प्रती केल्या. एक वॉर्ड ऑफिसला, शिक्का मारलेल्या दोन, एक रोझच्या पेटीत, एक माझ्याकडे. शिक्का बघायला बायका एकेक करून आल्या, बोट लावून गेल्या. माझी मान ताठ झाली होती, खोटं कशाला बोलू. पुढच्याच आठवड्यात नळाचं कुलूप निघालं आणि मी सांगलीला फोन करून अण्णांना सगळं ऐकवलं. ते म्हणाले, "बघ. पोच घेतली की काम होतं."

महिन्याभरात रस्ता रुंदीकरणाची नोटीस आली आणि घरं पाडायला सुरुवात झाली. पहिलं घर रोझचं. पेटीसकट गेलं. दुसरं घर रस्त्यापासून पार आत होतं, त्याचा रस्त्याशी काय संबंध, कोणाला कळेना. चौथं घर पडलं त्या दिवशी मी घरी येऊन माझ्याकडची प्रत काढून नावं लावून पाहिली. घरं रस्त्याप्रमाणे पडत नव्हती. माझ्या यादीप्रमाणे पडत होती. एक, दोन, तीन, चार. रोझला हे दुसऱ्या घराच्या वेळीच कळलं होतं. मला वाईट वाटेल म्हणून ती बोलली नव्हती, हे मला तिच्या मुलीकडून समजलं. चाळीस जणी एकदम का ओरडायच्या, हे मला तेव्हा उमगलं. तो गोंधळ नव्हता. त्यात कोणी एकटी सापडत नव्हती.

त्याच सुमारास समीरची सिंगापूरला बदली झाली. सामान आवरताना यादीची ती प्रत बघून तो म्हणाला, "नव्या देशात राहायचा पास मिळायचाय, असले कागद बरोबर कशाला?" त्याने नुसतं विचारलं होतं. फाडले मीच, आणि पटकन फाडले.

आता सिंगापूरच्या टॅम्पिनीसमध्ये सहा वर्षं झाली. आम्ही पीआर, म्हणजे इथले कायमचे रहिवासी, झालो. समीर एमआरटीच्या मेट्रोने तांजोंग पगारला ऑफिसात जातो, रविवारी आम्ही ईस्ट कोस्टला समुद्राकाठी सायकली काढतो. नळाला पाणी असतं, रोझचा आशीर्वादच म्हणायचा. गेल्या वर्षी आमच्या ब्लॉकची लिफ्ट बिघडली, तेव्हा तक्रारीच्या फॉर्मवर नाव आणि फ्लॅट नंबर लिहायची वेळ आली. माझा हात थांबला. मुक्ता म्हणाली, "आई, just write lah, ते लिफ्टच तर दुरुस्त करणार!" दोन दिवसांत लिफ्ट सुरू झाली आणि ऑफिसातून एका मुलीने फोन करून माझे आभार मानले, नाव घेऊन. मी स्वयंपाकघरात जाऊन रडले. समीर म्हणाला, "लिफ्ट चालू झाली म्हणून कोणी रडतं का?" त्याला काय सांगणार? इथे अर्ज दिला की माणूस फोन करतो. तिथे अर्ज दिला की बुलडोझर आला. अर्ज मी दोन्हीकडे सारखाच लिहिला होता.

यंदा रोझचा व्हॉइस मेसेज आला. ती आता शहराबाहेर बहिणीच्या खोलीत राहते, पण बायकांना घेऊन तिचं काम चालूच आहे. इतक्या वर्षांनी पाडलेल्या घरांची सुनावणी लागली होती. यादी आणि पाडापाडीचा क्रम एकच होता, हे दाखवलं तर जागा परत मिळायची आशा होती. "तुझ्याकडची प्रत पाठव," ती म्हणाली. "शिक्क्याची. तू तर सगळं जपून ठेवतेस."

तीन दिवस मी उत्तर दिलं नाही. चौथ्या दिवशी फोन करून सगळं सांगितलं. प्रत फाडल्याचं सांगितलं, आणि यादी करायला लावल्याची माफीही मागितली, फाटकापाशी मागायची राहिली होती ती. तिच्या मागे कोणाचं तरी मूल रडत होतं. मग ती म्हणाली, "कागद नाही, तर तू ये. लिहिलंस तू, बघितलंस तू. तू सांगितलंस तर ऐकतील."

मी येते म्हणाले. तिकीटही बघून ठेवलं होतं. पण आमचा सिटिझनशिपचा अर्ज आत गेलेला, मुक्ताची परीक्षा तोंडावर. समीर म्हणाला, "तुला जायचं तर जा, मी अडवणार नाही. पण तिथे काही झालं तर?" हीच कारणं मी रोझला कळवली. खरं कारण एकच होतं, मला भीती वाटली. ज्या भीतीत त्या बायका रोज उठून बाहेर पडतात, ती मला चार दिवससुद्धा सोसवेना.

सुनावणी झाली. लेखी पुरावा नाही, साक्षीदार नाही, म्हणून पुढची तारीखसुद्धा मिळाली नाही.

संध्याकाळी रोझचा मेसेज आला. मी शिव्यांची वाट बघत होते. ती थकलेल्या आवाजात म्हणाली, "तुझ्यासाठी पुढच्या रांगेत खुर्ची धरून ठेवली होती. तू नाही म्हणालीस, तरी वाटलं, येशील. दुपारी एका म्हातारीचे पाय दुखायला लागले, मग तिला बसवलं." पुढे मुक्ताची चौकशी केली आणि मेसेज संपला.

सांगलीला माझं माहेर आहे, टॅम्पिनीसला माझा संसार. पण घर कुठलं, असं कोणी विचारलं की हल्ली मी गप्प होते. कधीही न पाहिलेल्या त्या खोलीत एक जागा दुपारपर्यंत माझी होती, आणि मी तिथे नव्हते.