भुईकाट्यावरचा खडू

"जरा निघून या," शेठ फोनवर म्हणाले. "काट्यावर गडबड सापडलीय. कॉम्प्युटरमधून पुरावा काढून द्या, म्हणजे भिकनला आजच घरी पाठवतो."

धुळ्यात माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान होतं. विंडोज ९५ नवीन होतं तेव्हाची गोष्ट. शेठची जिनिंग मिल दोंडाईच्याच्या बाहेर. जिनिंग म्हणजे कापसातून सरकी वेगळी करायची. चारच दिवसांपूर्वी मी तिथे नेटवर्क टाकून आलो होतो आणि स्वतःवर भलताच खूश होतो. भिकननाना म्हणजे तिथला काटेवाला. कापूस भरलेला ट्रॅक्टर ट्रॉलीसकट चढतो त्या भुईकाट्यावर अठरा वर्षं बसलेला माणूस.

आधी नाना केबिनमध्ये वजन घ्यायचा आणि पावती तिथेच छापायचा. शेठला ती ऑफिसात छापून हवी होती. मी केबिनच्या कॉम्प्युटरात शंभर एमबीपीएस वेगाचं नेटवर्क कार्ड बसवलं. त्या वेळी आमच्या भागात असं कार्ड म्हणजे अप्रूप. नानाने बटण दाबलं की दोनशे फुटांवर पावती बाहेर. नानाची मात्र एक जुनी सवय होती. काट्याच्या लाल आकड्यांच्या डब्यावर वजन बघायचं आणि खडूने ट्रॉलीच्या फळीवर लिहायचं. शेठ म्हणाले होते, "आता कशाला तो खडू?" मीही हसलो होतो. नानाने मान हलवली आणि लिहीत राहिला.

मी पोचलो तेव्हा नाना ऑफिसबाहेरच्या बाकावर गुडघ्यांवर हात ठेवून बसला होता. माझ्याकडे त्याने बघितलंही नाही. आत कापूस घेऊन आलेले शेतकरी आत्माराम आबा उभे होते. सकाळी त्यांच्या भरल्या ट्रॅक्टरची पावती निघाली ५२.४० क्विंटलची. आबांनी स्वतःच तक्रार केली होती.

"इतला कापूस मनी ट्रॉलीमा बसत नही," ते मला अहिराणीत म्हणाले. "माले कोनं जास्तीनं नको."

"आबा भला माणूस आहे," शेठ म्हणाले. "पण भिकनची मुलगी त्यांच्या घरात दिलीय. व्याह्यासाठी वजन वाढवलं त्याने. कापूस आता ढिगात मिसळला, परत मोजताही येत नाही. तुम्ही फक्त कॉम्प्युटरमध्ये काय केलं ते दाखवा."

मी सकाळच्या पावत्या मागितल्या. आबांच्या आधीच्या ट्रॅक्टरची पावतीसुद्धा ५२.४०. दोन वेगळ्या गावचे ट्रॅक्टर आणि वजन अगदी तेच. मी उठून बाहेर गेलो.

बाहेर आबांची रिकामी ट्रॉली उभी होती. फळीवर खडूने लिहिलं होतं ४७.१५.

केबिनमध्ये जाऊन मी पुढचा ट्रॅक्टर काट्यावर घ्यायला लावला. लाल आकडे बदलले. कारकुनाला ओरडून सांगितलं, "इथल्या कॉम्प्युटरातली एखादी जुनी पावती तिकडून प्रिंट करा." प्रिंट निघाली आणि इकडे कॉम्प्युटरच्या पडद्यावरचा आकडा जागच्या जागी गोठला. ट्रॅक्टर उतरला, डब्यावर शून्य आलं, पडद्यावर वजन तसंच. नाना पडद्याकडे बघायचाच नाही, मग त्याला कळणार कसं?

आता भानगड काय होती ते सांगतो. कॉम्प्युटरातल्या प्रत्येक कार्डाला एक घंटी असते. काम आलं की ते वाजवतं आणि कॉम्प्युटर त्याच्याकडे बघतो. त्या घंटीला नंबर असतो. डब्यावरचं वजन कॉम्प्युटरात आणणारं काट्याचं जुनं कार्ड पाच नंबरवर होतं आणि माझ्या नव्या कार्डालाही मशीनने पाचच नंबर दिला होता. विंडोज ९५ सुरू असलं की ते स्वतःच घंट्या वाटून देतं, त्यामुळे तिथे सगळं छान चालायचं. पण काट्याचा प्रोग्रॅम जुना, विंडोजच्या आधीच्या डॉस सिस्टिमवरच चालणारा. डॉस काही वाटून देत नाही. तिथे एक घंटी आणि दोघं वाजवणारे. नेटवर्क जोरात बोलायला लागलं की काट्याचं कोणी ऐकायचं नाही, आणि पडद्यावर गोठलेला आकडाच पुढच्या पावतीवर छापला जायचा.

मी तपासलं होतं की नाही? तपासलं होतं ना! विंडोजमध्ये तासभर. डॉसमध्ये रिकाम्या काट्यावर एक पावती काढली, शून्य आलं, शून्यच यायला हवं होतं, आणि मी चहा प्यायला गेलो.

दुरुस्ती दहा मिनिटांची. मशीनच्या सेटअपमध्ये पाच नंबर जुन्या कार्डासाठी राखून ठेवला, नवं कार्ड दुसऱ्या नंबरवर गेलं. झालं काम. केबिनमध्ये मी एकटाच होतो. खरं सांगतो, तेव्हा माझी नियत फिरली. "पुरावा काही सापडला नाही" एवढं म्हटलं असतं तर दुकानाचं नाव राहिलं असतं. नाना मात्र संशय घेऊन घरी गेला असता, आणि तोही लेकीच्या सासरच्यांसमोर. चोर सोडून संन्याशाला सुळी. मला लाज वाटली.

ऑफिसात जाऊन म्हणालो, "शेठ, चूक माझी आहे. माझ्या नव्या कार्डामुळे पडद्यावरचं वजन गोठत होतं. नानाला वजन वाढवायचं असतं तर फळीवर त्याने खरा आकडा कशाला लिहिला असता?"

शेठ खुर्चीतून उठले. मग मला जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. ते संपल्यावर दाराकडे बघून म्हणाले, "नाना, ट्रॅक्टर थांबलेत. बसा काट्यावर." सकाळपासून ते त्याला भिकन म्हणत होते.

आबा इतकंच म्हणाले, "मी सांगत व्हतू ना."

नाना उठला, पण केबिनमध्ये गेला नाही. माझ्यासमोर येऊन म्हणाला, "साहेब, आधी तुम्ही चढा."

मी बॅगेसकट काट्यावर उभा राहिलो. रांगेतले ट्रॅक्टरवाले बघत होते. डब्यावर आकडा आला, नानाने बटण दाबलं, ऑफिसातून कारकुनाने पावती वाचून दाखवली. सत्तर किलो, दोन्हीकडे.

कार्ड बसलं म्हणजे काम झालं असं नसतं. लोक रोज ज्या सिस्टिमवर काम करतात तिच्यात, त्यांचंच काम करून बघायचं. एवढी अक्कल मला त्या दिवशी आली.

एसटीत बसल्यावर लक्षात आलं, माझ्या काळ्या बॅगेवर नानाने खडूने लिहून ठेवलं होतं, ०.७०. ते मी पुसलं नाही.