सुबोधचा शेवटचा शुक्रवार

हरिहर सरदेसाई मूळचा संगमेश्वरचा. शास्त्री नदीच्या काठावर लहानपणी गळ घेऊन बसायची जी सवय लागली, ती रियाधच्या वाळूतही सुटली नाही. लोक विचारायचे, अहो, इथे प्यायचं पाणी समुद्रातून आणतात, तुम्ही मासे कुठे गरवता? हरिहर हसायचा आणि पत्ता सांगायचा नाही. शहराच्या दक्षिणेला सांडपाणी शुद्ध करणारा एक मोठा प्रकल्प आहे, तिथे तो शिफ्ट इंजिनिअर होता. शुद्ध झालेलं पाणी वाळवंटात सोडलं जातं आणि ते वाहत जाऊन हायर गावाच्या बाजूला चक्क तळी झाली आहेत. काठाला पुरुषभर उंच लव्हाळं, त्यात बगळे, आणि पाण्यात तिलापिया नि मांगूर. हे मासे तिथे कुणी सोडले ते कुणालाच माहीत नाही. पकडलेला मासा हरिहर परत पाण्यात सोडून द्यायचा. त्यात भूतदया वगैरे काही नव्हती. त्या पाण्याचं कूळ त्याला नोकरीमुळे पक्कं ठाऊक होतं, एवढंच.

त्याच प्रकल्पाच्या लॅबमध्ये सुबोध गायधनी होता, नाशिकचा. दिवसभर पाण्याचे नमुने तपासायचे हे त्याचं काम. मासेमारीचा त्याला गंधही नव्हता. हरिहरनेच त्याला गळाला गाठ कशी मारायची, आमिषाच्या कणकेत हळद का घालायची, काठावर सावली पडू न देता कसं बसायचं ते शिकवलं. पुढे हरिहरच्या डोळ्याच्या पडद्याचं ऑपरेशन झालं आणि त्याची गाडी चालवणं बंद झालं. तेव्हापासून दर शुक्रवारी, म्हणजे तिथल्या सुट्टीच्या दिवशी, पहाटे सुबोधची गाडी त्याच्या दाराशी उभी राहू लागली. कामाला न्यायला कंपनीची बस होती. तळ्यावर न्यायला सुबोध. इतक्या वर्षांत दोघांनी एकमेकांना कधी मित्र म्हटलं नसेल. शुक्रवारी बोलायचेही बेतानेच. पण हरिहरचा आठवडा शनिवारपासून शुक्रवारकडेच चालत असे, हे त्याच्या बायकोला, अहिल्येला, चांगलं माहीत होतं. ती हॉस्पिटलात नर्स होती आणि माणसं ओळखायची.

आणि अशा या नीट बसलेल्या घडीत सुशील आला.

सुशील पुण्याचा, रियाधच्या ओलाया भागातल्या एका ऑफिसात आयटीत. वयाने दहा-बारा वर्षांनी लहान. सुबोधच्या शेजारच्या फ्लॅटमध्ये राहायला आला आणि मासेमारीचा विषय निघताच म्हणाला, मी अमेरिकेत असताना खूप केली आहे. झालं. सुबोधने त्याला पुढच्याच शुक्रवारी गाडीत घातला. गाडी हरिहरच्या दाराशी आली तेव्हा पुढच्या सीटवर सुशील बसलेला होता. तो लगेच उतरला, दादा तुम्ही पुढे बसा म्हणाला, पण हरिहर मागे जाऊन बसला आणि तळं येईपर्यंत खिडकीबाहेर बघत राहिला. रुसायचं ठरवलंच असेल तर मागची सीट बरी पडते.

सुशीलचं बोलणं एकाच माशाभोवती फिरायचं: स्ट्राइप्ड बास. टेक्ससमधल्या गोड्या पाण्याच्या तळ्यांत तो हा मासा पकडायचा. चंदेरी अंग, त्यावर डोक्यापासून शेपटीपर्यंत काळ्या रेघा, आणि ताकद अशी की दोरी हातात कापते. खरं तर हा समुद्रातला मासा, फक्त अंडी घालायला नदीत येणारा. पण लोकांनी तळ्यात सोडला आणि तो तिथेच मोठा झाला. सुबोध हे सगळं तोंड उघडं टाकून ऐकायचा. फोनवरचे फोटो बोटांनी मोठे करून बघायचा. हरिहरलाही दाखवायचा. हरिहर म्हणायचा, "छान." हा एक शब्द उच्चारताना त्याच्या पोटात जे दुखायचं, त्यावर अहिल्येच्या हॉस्पिटलात औषध नव्हतं.

त्या तळ्यात एक मोठा मांगूर होता. हरिहरने त्याला दोनदा गळाला लावला होता आणि दोन्ही वेळा तो दोरी तोडून गेला होता. सुशीलने हे ऐकलं आणि म्हणाला, दादा, कणकेने तो येणार नाही. त्याला जिवंत मासा लावायला हवा. बासला आम्ही तसंच करायचो. आधी बारीक मासे धरायचे, गोल पिंपात ठेवायचे, हवेचा पंप लावायचा. पिंप गोलच हवं, चौकोनी डब्यात ते कोपऱ्यात गर्दी करून मरतात. बोलणं अगदी बरोबर होतं. बरोबर होतं म्हणूनच हरिहरच्या अंगाचा तिळपापड झाला. चुकीचं बोलला असता तर त्याला तो पोरगा आवडलाही असता.

हळूहळू सुबोध बदलला. म्हणजे फार काही नाही, पण हरिहरच्या नजरेतून सुटेना. एका शुक्रवारी त्याने पाहिलं, सुबोध गळाला गाठ मारत होता आणि ती गाठ हरिहरची नव्हती. दोरीचा वेढा दुसऱ्याच बाजूने घेऊन सुबोध ती थुंकीने ओली करून घट्ट ओढत होता. हरिहरने विचारलं, तर म्हणाला, सुशीलची आहे, सुटत नाही. घरी येऊन हरिहर जेवला नाही. अहिल्येने कारण विचारलं तेव्हा पित्त झालंय म्हणाला. अहिल्येने पित्ताची गोळी दिली नाही, नुसती त्याच्याकडे बघून आत गेली.

मग बातमी आली. लॅबमधल्या जागा आता सौदी मुलांना द्यायच्या ठरल्या होत्या. सुबोधला फायनल एक्झिट लागलं, म्हणजे देश कायमचा सोडायचा शिक्का, आणि सोमवारचं विमान. म्हणजे हातात एकच शुक्रवार उरला. हरिहरची एवढीच इच्छा होती की त्या शुक्रवारी तळ्यावर दोघंच असावेत, तिसरा कुणी नको. फार काही बोलायचं नव्हतं. पण नाशिकला गेल्यावर सुबोधला तळं आठवलं तर त्यात आपण असावं, सुशील नसावा, असं त्याला वाटत होतं. हे तोंडाने मागायचं कसं? पन्नाशीच्या माणसाने असला हट्ट कुणाजवळ बोलावा? तो गप्प राहिला आणि सुबोधला आपोआप कळेल याची वाट पाहत बसला. सुबोधला कळलं नाही.

गुरुवारी ड्यूटी संपवून हरिहर बसमधून उतरला, तर घरामागच्या अंगणात एक निळं गोल पिंप. पंप गुरगुरत होता आणि आत बोटभर तिलापिया फिरत होते. अहिल्या म्हणाली, सुबोध नि सुशील दुपारी तळ्यावर जाऊन धरून आले. आपलं घर वाटेवर आणि अंगणात प्लग आहे म्हणून इथे ठेवलंय. पोहे खाल्ले, चहा घेतला, खूप हसत होते दोघं. सुबोधने निरोप ठेवलाय, पिंपाला काही करू नका, त्यात तळ्याचंच पाणी आहे.

ते हसत होते, एवढंच हरिहरच्या कानात राहिलं. त्याच्या अंगणात, त्याचे पोहे खात, तो कामावर असताना.

अहिल्या आत गेली. हरिहर पिंपाजवळ उभा राहिला. पाणी थोडं कमी झालेलं दिसत होतं, किंवा त्याला तसं बघायचं होतं. त्याने बागेचा नळ सोडला, पाईप पिंपात धरला आणि काठोकाठ पाणी भरलं. उकडतंय, बिचाऱ्यांना बरं वाटेल, असं मनाशी म्हणालासुद्धा. आता हा माणूस जन्मभर पाण्यात क्लोरीन मारत आलेला. तळ्यात पोचेपर्यंत तो उन्हाने उडून जातो म्हणून तिथे मासे जगतात, हे तो नवशिक्या इंजिनिअरांना शिकवत असे. हा नळ ज्या टाकीतून येतो त्या वसाहतीच्या टाकीत दर गुरुवारी क्लोरीनच्या गोळ्या पडायच्या. तो नियमही मॅनेजरच्या मागे लागून त्यानेच करून घेतला होता. त्याने नळ बंद केला, हात पुसले आणि वरणभात जेवून झोपला. शांत झोप लागली, हेच वाईट.

पहाटे दोघं आले तेव्हा अंधारात कुणी पिंपात डोकावलं नाही. पंप बॅटरीवर लावला, झाकण घातलं, पिंप उचलून गाडीत ठेवलं. तळ्याकाठी उजाडल्यावर सुशीलने झाकण काढलं. सगळे मासे पोट वर करून तरंगत होते.

सुशील पंप हातात घेऊन उलटासुलटा बघू लागला. पंपच बिघडला असणार, मी नवा घ्यायला हवा होता, सुबोधदादा, तुमचा शेवटचा दिवस मी घालवला, असं काहीतरी पुटपुटत राहिला. सुबोधने पिंपात हात बुडवला, मेलेला एक मासा बाजूला सारला आणि ओली बोटं नाकाशी नेली. सकाळ-संध्याकाळ पाण्याचे नमुने हुंगणारा माणूस तो. त्याने एकदा हरिहरकडे पाहिलं. मग सुशीलला म्हणाला, होतं असं कधीकधी, जा, त्या लव्हाळ्याशी कणीक टाकून एखादा बारीक मिळतो का बघ.

सुशील लांब गेल्यावर सुबोध हरिहरशेजारी बसला.

"हरी, मी गेल्यावर तुला इथे कोण आणणार होतं?" सुबोध म्हणाला. "तू तर गाडीला हात लावत नाहीस. टॅक्सीवाला इथे येऊन चार तास थांबत नाही. मी सहा महिने माणूस शोधत होतो. ज्याला मासेमारी कळते, ज्याच्याकडे गाडी आहे आणि जो तुझी वाकडी तोंडं सहन करील असा. सगळं एका माणसात मिळणं सोपं नव्हतं."

हरिहरने मेलेल्या माशांच्या पिंपाकडे पाहिलं.

"तो मांगूर तुला मिळावा म्हणून काल आम्ही दुपारभर उन्हात बसलो होतो. मला नको होता तो." सुबोध उठला, पँट झटकली. "सुशीलला मी काही सांगणार नाही. काय करायचं ते तू बघ." आणि आपला गळ घेऊन तो पलीकडच्या टोकाला जाऊन बसला.

हरिहरला लाज वाटली, पण आधी वाटला तो रागच. आपल्याला न विचारता आपल्यासाठी माणूस नेमला, जाताना कुत्र्याला शेजाऱ्याकडे सोपवतात तसं आपल्याला सोपवलं. मग तो राग ओसरला आणि खाली नुसती लाज उरली. सहा महिने. म्हणजे जागा जाणार याची कुणकुण सुबोधला सुशील यायच्याही आधी लागली होती, आणि स्वतःच्या नोकरीचं काय होणार यापेक्षा हरिहरच्या शुक्रवारचं काय होणार, याची काळजी तो करत बसला होता.

सुशील परत आला तो ओंजळभर पाण्याच्या डब्यात एकच तिलापिया घेऊन. त्याने तो सांभाळून गळाला लावला आणि गळ हरिहरपुढे धरला. "दादा, एकच मिळाला. तुम्ही टाका."

"पिंपात पाणी मी घातलं," हरिहर म्हणाला. "नळाचं."

"अहो, उकाड्याने कमी झालं असेल. तुम्ही चांगल्याच मनाने घातलं," सुशील म्हणाला. "तुम्हाला काय कल्पना."

इथे थांबता आलं असतं. वाट मोकळी होती आणि ती त्या पोराने स्वतःच करून दिली होती. हरिहरने चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"मला कल्पना होती. मासे मरणार हे मला ठाऊक होतं."

सुशीलने हातातला गळ खाली केला. त्याचा चेहरा पडला, मग लाल झाला. तो आता निघून जाईल, असं हरिहरला वाटलं आणि ते रास्तच झालं असतं. पण सुशील तिथेच वाळूत बसला.

"मी या शहरात आलो तेव्हा मला कुणी नव्हतं," तो म्हणाला. "ऑफिस आणि फ्लॅट. मग सुबोधदादा भेटले. त्यांच्या तोंडी सारखं तुमचं नाव. हरी असं करतो, हरीला हे आवडत नाही, हरीला विचारून बघू. मी काहीही केलं तरी तुमच्या खालीच. तुमचा फार राग यायचा मला. तुम्ही आजारी पडावं आणि एखाद्या शुक्रवारी तुमचं येणं चुकावं, असं कितीदा मनात आलं असेल. या शेवटच्या शुक्रवारी तर फारच."

हरिहरने मान वळवून त्याच्याकडे पाहिलं. इतक्या महिन्यांत त्याने हा चेहरा नीट बघितलेला नव्हता. पलीकडच्या टोकाला सुबोध दोघांकडे पाठ करून बसला होता, खांदे पाडून, त्याची नेहमीची बसण्याची पद्धत. ज्याच्यावरून दोघांनी इतके दिवस दात खाल्ले, तो सोमवारी निघून जाणार होता, आणि मग एकमेकांचा हेवा करायलाही दोघांपाशी काही उरणार नव्हतं.